मुखपृष्ठावरची बाई वाचायची कशी: भिंग, पट्टी आणि वर्षभराची रद्दी

१९९६ ते २०१५ अशी एकोणीस वर्षं मी मासिकांच्या मुखपृष्ठांवरचे फोटो साफ करण्याचं काम केलं. छपाईच्या आधीचं काम, आमच्या भाषेत प्रीप्रेस. लोअर परळला एका बंद गिरणीच्या आवारात आमचं युनिट होतं. सुरुवातीच्या काळात फोटोग्राफरकडून स्लाइड, म्हणजे फिल्मवरचा फोटो, यायची, ती ड्रम स्कॅनर नावाच्या यंत्रावर चढायची आणि मग तो चेहरा माझ्या पडद्यावर उघडायचा. डोळ्यांखालचा भाग, मान, काख, कोपर, गुडघा अशी मी वरून खाली उतरत जायचे.

२०११च्या मे महिन्यात माझी तेरा वर्षांची लेक बाथरूममध्ये लिंबाची फोड कोपरावर घासत बसलेली दिसली. कातडी सोलवटली होती, डोळ्यांत पाणी होतं, तरी हात थांबत नव्हता. "आई, माझीच कोपरं काळी का गं? कुणाचीच नसतात." कुणाची नसतात म्हणून विचारलं, तर तिने बाहेरच्या खोलीतलं मासिक आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. ते मुखपृष्ठ माझ्याच हातचं होतं. त्या नटीची कोपरं मूळ फोटोत कशी होती हे मला पक्कं आठवत होतं. थेट माझ्या लेकीसारखी.

त्या रात्री आम्ही दोघी जमिनीवर बसलो आणि भिंग घेऊन ते एक मुखपृष्ठ तासभर वाचलं. पुढे तिच्या मैत्रिणी यायला लागल्या. नोकरी सोडल्यावर मी डोंबिवलीतल्या एका वाचनालयात सुट्टीमध्ये मुलींचे वर्ग घेऊ लागले. तिथे वापरते तीच पद्धत इथे लिहिते आहे. एका दुपारचं काम आहे, आणि एकटीने करण्यापेक्षा दोघी-तिघींनी मिळून करावं.

आधी रद्दीवाल्याकडे जा

एकाच मासिकाचे ओळीने बारा अंक मिळवा. बारा वेगवेगळी मासिकं नकोत. एका मुखपृष्ठावरून काहीच ठरत नाही, त्या महिन्यात तसं सुचलं असेल असं म्हणता येतं. बारा अंक शेजारी शेजारी मांडले की त्या मासिकाचा नियम दिसतो. रद्दीवाले गुळगुळीत कागदाची मासिकं बहुधा बाजूला ठेवतात, त्यातून निवडू देतात. इंग्रजी घ्या, मराठी घ्या, काही बिघडत नाही. १९५९ पासून निघणारं फेमिना असो, २००७ मध्ये भारतात आलेलं व्होग असो, किंवा घरी येणारं एखादं मराठी महिला मासिक असो.

बाकी सामान थोडं आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ज्याला छापखान्यात लूप म्हणतात. पट्टी, मऊ पेन्सिल, ट्रेसिंग पेपर, एक वही. पोस्टकार्डाएवढा पांढरा जाड कागद, त्याला चार बोटांच्या अंतरावर पंचिंग मशीनने दोन भोकं पाडलेली. आणि खिडकीजवळची जागा. ट्यूबलाइटखाली रंग बघू नका, डोळा फसतो.

दहा फुटांवरून

मैत्रिणीला एक अंक भिंतीपाशी धरायला सांगा. तुम्ही दहा फुटांवर पाठ करून उभ्या राहा. वळा, मनात तीन आकडे मोजा, पुन्हा पाठ फिरवा आणि काय दिसलं ते वहीत लिहा. वर्गात बहुतेक मुलींच्या वहीत तीनच गोष्टी येतात: चेहरा, एखादा रंग आणि एखादा आकडा.

याचं कारण स्टेशनवरच्या पेपर स्टॉलवर आहे. दादरच्या पुलावरून उतरणाऱ्या बाईकडे थांबायला वेळ नसतो. स्टॉलवर अंक एकावर एक सरकवून लावलेले असतात, त्यामुळे वरची पट्टी तेवढी उघडी राहते. मासिकाचं नाव, म्हणजे मास्टहेड, म्हणूनच वर असतं आणि त्याच्या लगेच खाली डोळे. पट्टी घ्या आणि बाराही अंकांवर वरच्या कडेपासून बुबुळांपर्यंतचं अंतर मोजा. आकडे एकमेकांच्या किती जवळ येतात ते पाहून मुली दरवेळी चकित होतात. नाव केसांमागे किती झाकलंय तेही बघा. ज्या मासिकाला आपण ओळखले जाणारच याची खात्री असते, ते आपल्या नावावर बाईचं डोकं येऊ देतं. नवीन मासिक सहसा तसं धाडस करत नाही.

इथे थोडं मागे जाते. अमेरिकन व्होगच्या मुखपृष्ठावर पहिला रंगीत फोटो आला तो जुलै १९३२ मध्ये. एडवर्ड स्टायकेन यांचा फोटो, लाल पोहण्याच्या पोशाखातली तरुणी आणि हातात चेंडू. त्याआधी तिथे चित्रं असायची. आपल्याकडे दिवाळी अंकांवर चित्रंच कितीतरी वर्षं टिकली. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या चित्रकारांनी रंगवलेल्या बायका माझ्या आजोळी ट्रंकेत जपून ठेवलेल्या होत्या. मुळगावकरांचा स्प्रेचा हात असा, की गालावर एक रंध्र दिसणार नाही. वर्गात मी ते चित्र दाखवते तेव्हा मुली म्हणतात, "मावशी, हे तर फोटोशॉप केलंय." गुळगुळीतपणा तोच आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलेलं असतं. पण माझ्या आजीने ते चित्र बघून स्वतःची कोपरं कधी घासली नाहीत, कारण ते चित्र आहे हे तिला ठाऊक होतं. फोटो म्हटला की बघणारी धरून चालते, ही बाई कुठेतरी अशीच हिंडते-फिरते आहे. मुखपृष्ठाची ओढ आणि त्याचा त्रास, दोन्ही इथून सुरू होतात.

नजर, मान, पाय

आता अंक मांडीवर घ्या आणि भिंग थेट बुबुळावर ठेवा. आत एक पांढरा ठिपका दिसेल. तो दिव्याचं प्रतिबिंब आहे. चौकोनी असेल तर सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाच्या पेटीतला दिवा, गोल कडं असेल तर रिंग लाइट, म्हणजे कड्याच्या आकाराचा दिवा, खिडकीसारखा असेल तर बहुधा खरी खिडकी. दोन-तीन ठिपके असले तर तितके दिवे. आम्हाला बऱ्याचदा सांगत, एकच ठेवा, बाकीचे पुसा, डोळे शांत दिसतात. डोळ्यांचा पांढरा भागही उजळायचा. लाल शिरा कुणाच्याच राहू द्यायच्या नाहीत. बाराजणींच्या डोळ्यांत एकही शीर सापडली नाही, तर तसं वहीत लिहा.

मग विचारा, ती कुठे बघते आहे? महिला मासिक बाईने बाईसाठी विकत घ्यायचं असतं, म्हणून मुखपृष्ठावरची नजर बहुतेक वेळा सरळ विकत घेणारीवर असते. पुरुषांच्या मासिकावरही बाई दिसते आणि तीही समोर बघते, पण तिथली नजर निराळी. दोन्ही शेजारी ठेवा, ओठ हाताने झाका आणि फक्त डोळे बघा. महिला मासिकातली म्हणत असते, ये, तुलाही हे जमेल. मला या नोकरीत समजलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. मुखपृष्ठावरची बाई फार वेगळी असून चालत नाही, नाहीतर वाचणारी म्हणते, हे आपल्यातलं नव्हे. आणि अगदी आपल्यासारखी असूनही चालत नाही, मग घ्यायचं कशाला? दोघींमध्ये एक अंतर राखायचं असतं, हात पुढे केला तर पोचेल असं वाटणारं. माझी नोकरी ते अंतर राखण्याची होती.

आता ट्रेसिंग पेपर. बाईची बाह्यरेषा काढा, आतले तपशील नकोत. डोक्याच्या मध्यातून उभी रेषा, खांद्यांवरून एक आडवी, कमरेवरून एक आडवी. रेषा किती तिरक्या होतात पाहा. १९७०च्या दशकात अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञांनी शेकडो जाहिराती समोर ठेवून नेमकं हेच पाहिलं होतं: बाईची मान कललेली, गुडघा वाकलेला, बोटं स्वतःच्याच गालाला किंवा कपड्याला हलकेच टेकलेली. तुमच्या बारा अंकांत हात काय करताहेत ते लिहा. धरलेला हात किती, उचललेला किती, नुसता टेकलेला किती?

मग उठा आणि त्या मुद्रेत उभ्या राहा. एक मिनिट. हे कृपा करून कराच, नुसतं वाचून पुढे जाऊ नका. चाळीसेक सेकंदांत मान अवघडते, सगळा भार एका पायावर येतो. त्या अवस्थेत कुणी हाक मारली तर आधी पाय नीट टाकावा लागतो, मगच वळता येतं. गेल्या वर्षी एका मुलीने धाकट्या भावाला तसं उभं केलं. तो दहा सेकंदांत म्हणाला, "पडेन मी." तिने ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं.

कपड्यांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवा. समोरून अंगावर बेतल्यासारखा दिसणारा झगा मागून बऱ्याचदा चिमट्यांनी आवळलेला असतो. कपडा ठरावीक मापात येतो आणि बाईने त्यात बसायचं असतं. नोव्हेंबर १९८८चं अमेरिकन व्होग हे याचं माझं आवडतं उदाहरण. अ‍ॅना विंटूर यांचं संपादक म्हणून ते पहिलं मुखपृष्ठ, फोटो पीटर लिंडबर्ग यांचा. मिकाएला बेर्कू या इस्रायली मॉडेलच्या अंगावर ख्रिश्चन लाक्रुआ या फ्रेंच डिझायनरचं जडावाचं जाकीट आणि खाली साधी जीन्स. त्या जाकिटाबरोबरचा स्कर्ट तिला बसलाच नव्हता, सुट्टीत तिचं वजन थोडं वाढलं होतं, असं विंटूर यांनी पुढे स्वतः लिहिलं. पोटाचा जरासा भाग दिसतो, केस वाऱ्यावर, डोळे अर्धवट मिटलेले, ती हसते आहे आणि चाललेली आहे. अंक छापखान्यात गेला तेव्हा तिथून फोन आला, काही चूक तर झाली नाही ना? आज ते मुखपृष्ठ जगभर दाखवलं जातं.

कातडी

इथे वेळ काढा. दुपारातला निम्मा वेळ इथेच गेला तरी चालेल.

भिंग गालावर ठेवा. कातडी दिसणार नाही, ठिपके दिसतील. छपाई चार शाईंची: सायन म्हणजे आकाशी निळा, मजेंटा म्हणजे राणी रंग, पिवळा आणि काळा. माणसाची कातडी मुख्यत: पिवळ्या आणि मजेंटा ठिपक्यांनी बनते आणि त्यात थोडा सायन असतो. सायन वाढला की कातडी सावळी होते, कमी केला की उजळते. एवढंच आहे ते. एका वक्ररेषेवरचा एक बिंदू मी माउसने किंचित खाली ओढायचे आणि पडद्यावरची सावळी मुलगी गव्हाळ व्हायची.

"गोरी करा" असं प्रूफवर, म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेल्या प्रतीवर, कुणी लिहीत नसे. लाल पेनाने "फ्रेश", "ग्लो", "टोन अप", "क्लीन" असे शब्द असत. दुरुस्ती करून पाठवलं की प्रूफ परत यायचं, त्याच शब्दाखाली आणखी एक रेघ मारलेली. तीन फेऱ्या झाल्या की मूळ रंग कोणता होता हे खोलीत कुणालाच आठवत नसे. मलाही नाही. मी आजवर कुणाला दोष देत फिरले नाही, कारण माउस माझ्या हातात होता.

तुम्ही हे शोधायचं कसं? चेहऱ्यावर शोधू नका, तिथे सगळ्यांची मेहनत झालेली असते. घाईत राहून गेलेल्या जागा बघा. कानाची पाळी आणि तिच्यामागचा भाग. बोटांची पेरं. मानेच्या वळ्या. पायाचा घोटा. बांगड्यांच्या मधली कातडी, तिथे ब्रश नेणं जिवावर यायचं. दोन भोकांचा कागद घ्या, एक भोक गालावर येऊ द्या आणि दुसरं हातावर. आजूबाजूचं सगळं झाकलं गेलं की दोन रंग उघडे पडतात. एकाच बाईचे दोन तुकडे इतके निराळे कसे, हे डोळ्याला तेव्हा दिसतं. मग भिंग लावून दोन्हीकडचे निळे ठिपके ताडून पाहा. एकीकडे ते बारीक, दुसरीकडे जाड असतील.

मात्र फरक दिसला की लगेच फोटोशॉप म्हणून शिक्का मारू नका. मेकअप चेहऱ्यावर असतो आणि हातावर नसतो. दिवा एका बाजूने असतो. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, म्हणून तिथे तीच नटी जास्त सावळी दिसते, तो पुरावा होत नाही. एकाच फोटोत, एकाच उजेडात असलेल्या दोन जागाच ताडा. आणि एका अंकावर निकाल देऊ नका, बारांवर द्या.

आकार ओढलेला ओळखायचा असेल तर बाईकडे बघू नका, तिच्या मागे बघा. दाराची चौकट, फरशीची रेघ, जिन्याचा कठडा, साडीचा चौकडा, पैठणीचे काठ. कंबर आत ढकलली की शेजारची सरळ रेघही थोडी आत येते. हात आणि कंबर यांच्यामधल्या त्रिकोणी फटीतून जी पार्श्वभूमी दिसते, तिच्यावर पट्टी ठेवा. २००० साली फोटोशॉपच्या सहाव्या आवृत्तीत लिक्विफाय, म्हणजे फोटोतला आकार ओढून बदलायचं साधन, आलं. त्याआधी कंबर बारीक करायची म्हणजे कातडी, कापड आणि मागची भिंत तुकड्या-तुकड्यांनी पुन्हा रचायची, त्यात अख्खी संध्याकाळ जायची. त्यामुळे विचारून विचारून, अगदी गरज असेल तरच सांगितलं जायचं. मग ते दोन मिनिटांचं झालं. दोन मिनिटांचं झाल्यावर ते सगळ्यांसाठी सांगितलं जाऊ लागलं. २००२ मध्ये डाग पुसणारा हीलिंग ब्रश आला आणि तीळही गेले. गळ्यावरचा तीळ ही ज्यांची ओळख होती, अशांचेसुद्धा.

हे फक्त कॉम्प्युटरने आणलं असंही नाही. ऑगस्ट १९८९ मध्ये, म्हणजे फोटोशॉप बाजारात येण्याच्याही आधी, अमेरिकेतल्या टीव्ही गाइड या साप्ताहिकाने टीव्हीवरच्या मुलाखतकार ओप्रा विन्फ्रे यांचं डोकं अ‍ॅन-मार्गरेट या अभिनेत्रीच्या धडावर बसवलेलं चित्र मुखपृष्ठावर छापलं होतं. दोघींनाही न विचारता. आणि २०१७ मध्ये अभिनेत्री लुपिता न्योंगो यांनी ग्राझिया या मासिकाच्या ब्रिटिश आवृत्तीच्या मुखपृष्ठाबद्दल जाहीर तक्रार केली. तिथे त्यांच्या केसांचा मागचा भाग पुसून उरलेले केस गुळगुळीत केले होते. केसांना हात लावणं हे कातडीइतकंच खोलवरचं आहे. आपल्याकडे कुरळे केस मुखपृष्ठावर किती दिसतात, हेही वहीत लिहायला विसरू नका.

त्याच वर्षी फ्रान्सने नियम केला की जाहिरातीत मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड करून दाखवलं असेल तर फोटोवर तसं छापायचं.

शब्द

चित्र झाका आणि मुखपृष्ठावरच्या ओळी, म्हणजे कव्हरलाइन, वहीत उतरवून काढा. प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्न: माझ्यात काय कमी आहे असं ही ओळ गृहीत धरते? काय देते म्हणते? किती दिवसांत?

या ओळींची आजची घडण बरीचशी १९६५ पासूनची आहे. त्या वर्षी हेलन गर्ली ब्राउन कॉस्मोपॉलिटनच्या संपादक झाल्या आणि मुखपृष्ठावर आकडे, गुपितं, वचनं यांची रांग लागली. त्यांपैकी कितीतरी ओळी त्यांचे पती, चित्रपट निर्माते डेव्हिड ब्राउन लिहून देत असत. बाईच्या कानात मैत्रिणीने कुजबुजल्यासारखी वाटणारी ओळ एका पुरुषाने लिहिलेली असू शकते, हे ऐकल्यावर माझ्या वर्गातल्या मुली ओळी पुन्हा मोठ्याने वाचायला लागतात.

मराठी मासिक असेल तर क्रियापदांखाली रेघ मारा. सौंदर्य खुलवा. त्वचा उजळवा. नातं जपा. घर सांभाळा. मग घरातलं एखादं गुंतवणुकीचं मासिक घ्या आणि त्यातली क्रियापदं काढा: वाढवा, मिळवा, जिंका. दोन रांगा समोरासमोर लिहा. यावर मी वर्गात काही बोलत नाही, रांगा बोलतात.

ओळ कुठे बसवली आहे तेही बघा. वजनाची ओळ बऱ्याचदा कमरेच्या शेजारी असते, केसांची केसांशेजारी. आणि एकमेकींना छेद देणारी जोडी शोधा. "स्वतःवर प्रेम करा" आणि तिच्या खाली चार बोटांवर "पंधरा दिवसांत सपाट पोट". अशी जोडी मला माझ्या बारापैकी सात अंकांत सापडली होती.

कोण नाही

बारा अंक जमिनीवर मांडा आणि मोजा. चष्मा लावलेल्या किती? पन्नाशीच्या पुढच्या? तोंडभर हसणाऱ्या? कामात असलेल्या? पांढरा केस? पोट सुटलेलं? उजेड कमी-जास्त धरूनही जिला सावळी म्हणता येईल अशी? मुलींचा तक्ता भरत येतो तसा आवाज खाली जातो, कारण बहुतेक रकान्यांत शून्य लिहावं लागतं.

भारतीय व्होगचा पहिला अंक, ऑक्टोबर २००७चा, कुणाच्या घरी असेल तर जरूर बघा. पॅट्रिक दमार्शेलिए यांचा फोटो. उघडायच्या आधी समोर तिघी दिसतात: बिपाशा बासू आणि प्रियांका चोप्रा यांच्या सोबत जेमा वॉर्ड, ऑस्ट्रेलियन मॉडेल. घडी उलगडली की आत प्रीती झिंटा, लक्ष्मी मेनन आणि मोनिकंगना दत्ता. सहाजणी एकाच मुखपृष्ठावर, पण स्टॉलवर दिसतात तीनच. कोण घडीच्या पुढे आणि कोण मागे, हा प्रश्न तुमच्या हातातल्या कुठल्याही घडीच्या मुखपृष्ठाला विचारा.

शून्यं कायमची नसतात. २०२३च्या एप्रिलमध्ये व्होग फिलिपीन्सच्या मुखपृष्ठावर कलिंगा प्रांतातल्या अपो व्हांग-ओड आल्या, गोंदणाचं काम करणाऱ्या, वय १०६. प्रत्येक सुरकुती जागच्या जागी. आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या चौदा वर्षांच्या एका मुलीने सेव्हन्टीन या मासिकाकडे मागणी केली, महिन्यातून निदान एक फोटो तरी न बदललेला छापा. ८० हजारांवर सह्या जमल्या. मुलींची शरीरं आणि चेहरे आम्ही बदलणार नाही, असं त्या मासिकाने छापून लिहून दिलं. पत्र लिहून काही होत नाही असं कुणी म्हटलं की मी हे सांगते.

मोजणी झाली की अंक उलटा करा. मागच्या पानावर कशाची जाहिरात आहे? तोच रंग, तोच चेहरा, तसंच हसू? कधीकधी पुढची आणि मागची बाई एकच असते. अंकाच्या किमतीत छपाईचा खर्च निघत नाही, हे आमच्या युनिटमध्ये बिलं बघताना मला स्पष्ट दिसायचं. उरलेला पैसा मागच्या पानावरून येतो आणि पुढची बाई त्या पानाला शोभेल अशी निवडली जाते.

एक विनंती. हे सगळं करून झाल्यावरही एखादं मुखपृष्ठ आवडलं तर आवडलं म्हणा. चांगला उजेड, चांगलं कापड, धीट नजर यांत सुख आहे. मी अजूनही तीन मुखपृष्ठं कपाटात जपून ठेवली आहेत.

शेवटी स्वतः एक करा

फोन घ्या आणि घरातल्या एका बाईचा फोटो काढा, मुखपृष्ठासाठी. त्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जा. बऱ्याच फोनमध्ये 'ब्यूटी' नावाची पट्टी असते, कधी पोर्ट्रेटच्या आत लपलेली, आणि ती आधीपासूनच मध्यावर ठेवलेली असू शकते. ती शून्यावर आणा. बाईला खिडकीशी बसवा, दिवा नको. तिच्या हाताला तिचं रोजचं काम द्या. एक ओळ लिहा, पण ती ओळ तिने सांगितलेली असावी.

दोन वर्षांपूर्वी वर्गात दहावीतली एक मुलगी होती. तिची आई पोळी-भाजी केंद्र चालवते. मुलीने आईचा फोटो आणला आणि एकदम गप्प झाली. मग फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "मावशी, आईच्या गालावर तेल उडाल्याचा डाग आहे, तो कुठे गेला? मी काहीच केलं नाही." पट्टी बघितली तर ती मध्यावर होती. दुसऱ्या दिवशी तिने पट्टी शून्यावर नेऊन, खिडकीशी, पुन्हा फोटो काढला. आईने फोन हातात घेतला, गाल मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "डाग दिसतोय." मग पदर सारखा केला, केस कानामागे घेतले आणि तो गाल खिडकीकडे वळवला. "आता काढ."

ओळ तिला विचारली, तर तिने रोज किती पोळ्या लाटते तो आकडा सांगितला. मुलीने तोच लिहिला, वर मासिकाचं नाव घातलं आणि आईच्या अंबाड्याला त्यातली दोन अक्षरं झाकू दिली.